कारणाचा रकाना

मिस्त्रींनी गाडी करायला घेतली तेव्हा गल्लीने त्यांना वेड्यात काढलं, आणि त्यात गल्लीची फारशी चूक नव्हती. चौतीस वर्षं लिफ्टच्या दुरुस्तीत घालवलेला माणूस. वर आणि खाली याखेरीज तिसरी दिशा ज्याने कामात कधी पाहिली नाही, त्याने निवृत्त झाल्यावर दारात खुर्ची टाकून पेपर वाचावा, येणाऱ्या-जाणाऱ्याला फुकटचे सल्ले द्यावेत. ते सोडून हे गृहस्थ घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये शिरले आणि एक्केचाळीस वर्षं ताडपत्रीखाली पडलेली वडिलांची गाडी उघडून बसले.

गोल दिव्यांची, फुगीर मडगार्डांची, चार दारांची ती जुनी बोजड गाडी. उजव्या बाजूने तिचं नाक पार आत गेलं होतं. ज्या दिवशी तिच्यात मिस्त्रींचे वडील गेले, त्याच्या तिसऱ्या दिवशी ती ओढून आणून इथे ठेवली गेली. आईने तिला कधी विकू दिलं नाही आणि कधी दुरुस्तही करू दिलं नाही.

“वरून जशी होती तशीच करणार,” मिस्त्री विचारणाऱ्याला सांगत. “आतलं सगळं मात्र आजचं. इंजिन आजचं, गिअरबॉक्स आजचा, ब्रेक आजचे.” ब्रेक हा शब्द ते जरा जास्तच जोर देऊन म्हणत. ऐकणारा समोर मान डोलवायचा आणि पाठ वळली की हसायचा. मिस्त्रींची बायको समोरच हसायची.

“लोक पळवायला गाडी करतात,” ती शेजारणीला म्हणाली, “आमचे हे थांबवायला करतायत.”

थट्टाच होती, पण नेम बरोबर बसला होता. ती तीस वर्षं त्या घरात नांदत होती. त्या घराला काय सलतंय हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, तरी ठाऊक होतं.

वडील एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. कारखाना बंद पडला आणि ते चार महिने घरी बसले. एरवी बोलका माणूस, पण त्या चार महिन्यांत जेवढ्यास तेवढं बोलायचे. एका मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास ते “जाऊन येतो” म्हणाले, गाडी काढली, आणि गावाबाहेरच्या जुन्या पुलाच्या दगडी कठड्यावर नाकासमोर जाऊन आदळले. ऊन लख्ख होतं. रस्त्यावर दुसरं चिटपाखरू नव्हतं. पोलिसांच्या कागदात दोनच ओळी होत्या: रस्ता कोरडा. ब्रेक मारल्याच्या खुणा नाहीत.

आणि घरी, फळीवर, वडिलांचं मनगटी घड्याळ सापडलं. हा माणूस आंघोळीखेरीज घड्याळ उतरवत नसे.

आत्महत्या हा शब्द त्या घरात कुणी कधी उच्चारला नाही. तो चौथ्या माणसासारखा घरातच राहिला. आईने ते घड्याळ रोज सकाळी किल्ली देऊन चालू ठेवलं, थेट स्वतः जाईपर्यंत. ताई, म्हणजे मिस्त्रींची थोरली बहीण, तेव्हा वीस वर्षांची होती. ती लग्न करून चार गल्ल्या पलीकडे गेली आणि पुन्हा कधी त्या शेडकडे फिरकली नाही. मिस्त्री सतरा वर्षांचे होते. शिकून, थोडी उमेदवारी करून चोविसाव्या वर्षी ते लिफ्टच्या कामाला लागले.

त्या कामात त्यांना एक नियम शिकायला मिळाला आणि तो त्यांच्या अंगात भिनला. लिफ्ट मर्यादेबाहेर वेगाने खाली येऊ लागली की एक यंत्रणा आपोआप रूळ घट्ट पकडते आणि लिफ्ट जागच्या जागी थांबते. याला ते लोक सेफ्टी पडली म्हणतात. पडलेली सेफ्टी उचलणं अवघड नाही, दहा मिनिटांचं काम. आत अडकलेल्यांना बाहेर काढलं की इमारतीतले लोक मागे लागतात, “उचला हो लवकर, म्हातारी माणसं जिने चढतायत!” पण मिस्त्री ढिम्म हलायचे नाहीत. मोटारीच्या खोलीतल्या नोंदवहीत तीन रकाने असत: तारीख, काय झालं, कारण. तिसरा रकाना भरल्याशिवाय त्यांनी चौतीस वर्षांत एकदाही सेफ्टी उचलली नाही. त्यापायी शिव्या खाल्ल्या, साहेबाची बोलणी खाल्ली. एकदा तर सहाव्या मजल्यावरच्या बाईंनी त्यांच्या अंगावर पाण्याची बादली रिकामी केली. ओल्या अंगाने त्यांनी कारण शोधलं, लिहिलं, आणि मगच सेफ्टी उचलली.

फक्त एकाच नोंदीत त्यांचा तिसरा रकाना कोरा होता, आणि ती नोंद कुठल्याच वहीत नव्हती.

म्हणून गाडी उघडल्यावर त्यांनी आधी हात घातला तो जुन्या ब्रेकना. नवे बसवायचे तर जुने काढायला हवेतच, असं ते बायकोला म्हणाले. खरं तर त्यांना उत्तर हवं होतं. नळी फुटलेली सापडावी, सिलिंडरचं रबर फाटलेलं सापडावं, काहीही. चारही चाकं उघडून ते उकिडवे बसून बघत राहिले. एक्केचाळीस वर्षांत नळ्या कुजल्या होत्या, रबराचा भुगा झाला होता, तेल कधीच सुकून गेलं होतं. सगळंच फाटलेलं आणि सगळंच फुटलेलं. त्यातलं त्या मंगळवारचं कुठलं आणि नंतरचं कुठलं, हे गंजाला काय विचारणार? त्यांनी तो भुगा झाडून डब्यात भरला आणि त्या दिवशी जेवले नाहीत.

एकच वस्तू त्यांनी काढली नाही, ती म्हणजे ब्रेकचं पेडल. त्या पेडलचं रबर एका कोपऱ्यात झिजून लोखंड दिसायला लागलं होतं. बाजारात तसलं रबर मिळेना, तेव्हा सतरा वर्षांच्या मिस्त्रींनी सायकलच्या जुन्या टायरचा तुकडा कापून तिथे ठिगळ लावलं होतं आणि वर दोन तारांचे टाके घातले होते. वडिलांनी पाय ठेवून बघितला होता आणि म्हणाले होते, “वा! आता गाडी सायकलच्या दमाने थांबणार.” त्या चार महिन्यांतला तो त्यांचा एकमेव विनोद. पुढे पंधरा दिवसांत ते गेले. ठिगळ अजून जागेवर होतं.

नवी सामग्री त्यांना भंगारवाल्याकडे मिळाली. समोरून ठोकलेली, पण इंजिनाला धक्का न लागलेली चार वर्षांची गाडी. चारही चाकांना डिस्क ब्रेक, चाक अडकू न देणारी यंत्रणा, आपोआप बदलणारे गिअर. मिस्त्रींनी ती आख्खीच्या आख्खी घरी आणली आणि तिचा एकेक अवयव जुन्या अंगात भरायला सुरुवात केली. गिअरबॉक्स मावेना म्हणून तळाचा मधला पत्रा कापून त्याच्यासाठीचा बोगदा रुंद केला. इंजिनाचे पाय तीनदा बनवले आणि तीनदा कापले. चेपलेलं नाक स्वतः ठोकून सरळ केलं. डॅशबोर्डवरच्या जुन्या गोल तबकड्या ठेवल्या आणि त्यांच्यामागे नव्या गाडीचा मीटर दडवला. या सगळ्याला दोन वर्षं सात महिने लागले. बायकोने सुरुवातीला रुसून पाहिलं, मग ओरडून पाहिलं, मग जेवणाचं ताट शेडमध्येच आणून द्यायला लागली.

घोटाळा झाला तो वायरिंगमध्ये. गाड्या करणारा दुसरा कुणी असता तर त्याने लागतील तेवढ्या वायरी घेतल्या असत्या आणि बाकीचं जंजाळ फेकून दिलं असतं. पण लिफ्टवाल्याला एकही वायर विनाकारण कापवत नाही. मिस्त्रींनी चारशे बारा वायरींना चारशे बारा चिठ्ठ्या बांधल्या आणि सगळंच्या सगळं जाळं उचलून जुन्या गाडीत अंथरलं. त्यात फुगणाऱ्या उशांचा, म्हणजे एअरबॅगचा डबाही आला, जिथे उशांचा मागमूस नव्हता तिथे.

पहिल्यांदा किल्ली फिरवली आणि इंजिन एका झटक्यात सुरू झालं. बायकोने टाळ्या पिटल्या. मग ती खिडकीतून वाकली आणि म्हणाली, “अहो, हा कोण बसलाय?”

जुन्या तबकड्यांच्या फटीत एक लाल दिवा पेटला होता. सीटवर बसलेला छोटासा माणूस आणि त्याच्या छातीसमोर एक गोळा. इंजिन बंद केलं की तो जायचा, सुरू केलं की हजर. मिस्त्रींनी सगळ्या जोडण्या तपासल्या. लाल माणूस हलला नाही. हा दिवा पेटलेला असेपर्यंत तपासणीत गाडी पास होणार नव्हती, आणि पास झाल्याशिवाय ती रस्त्यावर नेता येणार नव्हती. मिस्त्रींना तर ती एकाच रस्त्यावर न्यायची होती.

त्यातच आणखी एक गोष्ट होती, ती त्यांनी बायकोला सांगितली नाही. मोकळ्या जागेत गाडी चालवून बघताना गिअर फार लवकर आणि फार हळुवार बदलायचे. मिस्त्रींचा पाय जड. तरी गाडी जणू त्यांचं ऐकतच नव्हती. आपल्या पायाखाली आणखी कुणाचा तरी पाय आहे, असं वाटून त्यांनी एकदा भर दुपारी गाडी थांबवली आणि खाली वाकून पाहिलं. तिथे ठिगळ लावलेलं पेडल होतं, दुसरं काही नव्हतं.

शेवटी त्यांनी वायरिंगवालीला बोलावलं. गाड्यांच्या इलेक्ट्रॉनिक कामात तिचा हात धरणारं गावात कुणी नव्हतं. ती लॅपटॉप घेऊन आली, एक वायर जोडली आणि दोन मिनिटांत म्हणाली, “काका, घाबरू नका. गिअरबॉक्स ड्रायव्हरची सवय शिकतो आणि लक्षात ठेवतो. ही आधीच्या ड्रायव्हरची सवय आहे. पाय अगदी हलका असणार.”

“आणि हा लाल माणूस?”

“तो अपघाताचा. टक्कर झाली की या डब्यात शेवटच्या पाच सेकंदांची नोंद होते आणि डब्याला कुलूप लागतं. वेग किती, अ‍ॅक्सिलरेटर किती दाबलेला, ब्रेकवर पाय होता की नाही, सगळं. ती नोंद पुसली की दिवा जाईल. पुसू?”

तिचं बोट बटणावर होतं. मिस्त्रींनी तिचं मनगटच धरलं.

“कारण वाचल्याशिवाय?” ते म्हणाले. त्यांचा आवाज इतका चढला की ती दचकली.

“वाचता येईल ना,” ती म्हणाली. “पण ते कुणाचं तरी आहे, काका. आपलं नाही.”

हे मात्र त्यांना पटलं. पाच सेकंद होते, आणि ते कुणाच्या तरी घरचे होते. आपल्या घरासाठी असले पाच सेकंद कुणी आणून दिले असते, तर आईने काय केलं असतं? मिस्त्री त्या दिवशीच भंगारवाल्याकडे गेले. ती गाडी त्याला कुठल्या घरून मिळाली, ते विचारून पत्ता आणि फोन नंबर घेऊन आले.

चार दिवसांनी सकाळी दहा वाजता एक बाई शेडच्या दारात उभ्या राहिल्या. ताठ कण्याच्या, सत्तरीच्या, हातात चामड्याची पिशवी. कोर्टात अडतीस वर्षं टायपिस्ट होत्या. गाडी त्यांच्या मुलीची होती. मुलगी दातांची डॉक्टर, वय चौतीस. भर दुपारी सरळ रस्त्यावर उभ्या ट्रकला मागून धडकली.

“पोलिसांचा कागद मी आणलाय,” त्या म्हणाल्या आणि उभ्याउभ्याच वाचायला लागल्या. “रस्ता कोरडा. ब्रेक मारल्याच्या खुणा नाहीत.”

मिस्त्रींनी कागद हातात घेऊन स्वतः वाचला. शब्द न् शब्द तोच होता.

“तिचं लग्न मोडलं होतं त्या वर्षी,” बाई सांगत होत्या. “लोक तोंडावर काही बोलत नाहीत. नातेवाइकांच्या नजरेत मात्र असतं. खरं सांगायचं तर माझ्याही मनात येतं. तुमचा फोन आला तेव्हा आधी वाटलं, नको. मग वाटलं, आयुष्यभर लोकांच्या साक्षी टाइप केल्या, तिची एक तरी ऐकावी.”

“काहीही निघू शकतं, बाई,” मिस्त्री म्हणाले. “वाईटही.”

“वाईट काय असतं ते मला माहितेय. न कळणं वाईट.”

बाई ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवर बसल्या. वायरिंगवाली मागे लॅपटॉप घेऊन बसली. मिस्त्री स्टिअरिंगसमोर, मांडीवर लिफ्टची जुनी नोंदवही उघडून. वायरिंगवालीने एकेक ओळ वाचली आणि त्यांनी लिहून घेतली.

“पाच सेकंद आधी. वेग बासष्ट. अ‍ॅक्सिलरेटर थोडा दाबलेला. ब्रेक नाही.”

“चार. वेग एकसष्ट. अ‍ॅक्सिलरेटर शून्य. ब्रेक नाही.”

“शून्य?” बाईंनी विचारलं.

“म्हणजे पाय काढलेला.”

“पुढे वाचा.”

“तीन. साठ. शून्य. ब्रेक नाही. दोन. अठ्ठावन्न. शून्य. ब्रेक नाही. एक. सत्तावन्न. शून्य. ब्रेक नाही.”

बाईंची बोटं मांडीवर हलत होती. त्या टाइप करत होत्या. एकेक आकडा, एकेक ओळ, आणि ओळ संपली की टाइपरायटरचा दांडा सरकवायला डावा हात सवयीने किंचित उचलला जायचा.

वायरिंगवालीने शेवटची ओळ वाचली, “शेवटचा अर्धा सेकंद. वेग एकोणपन्नास. ब्रेक, हो. पूर्ण दाबलेला.”

“पुन्हा वाचा.”

“ब्रेक, हो. पूर्ण दाबलेला.”

बाईंनी पिशवी छातीशी धरली आणि त्या रडायला लागल्या. मिस्त्रींना वाटलं होतं की उत्तर मिळालं की माणूस हलका होतो. तसं काही दिसेना.

“डोळा लागला असेल, नाहीतर चक्कर आली असेल,” बाई म्हणाल्या. “आणि मग जागी झाली ती. बघितलं तिने.” थोड्या वेळाने त्यांनी डोळे पुसले. “पण थांबायचं होतं तिला. थांबायचं होतं ना, मिस्त्री?”

“हो,” मिस्त्री म्हणाले. “जीव तोडून थांबायचं होतं.”

आणि त्याच क्षणी त्यांना त्या बाईंचा हेवा वाटला. पोटची मुलगी गेलेल्या म्हातारीचा हेवा. स्वतःची लाज वाटून त्यांनी मान खाली घातली, आणि मग त्यांचं त्यांनाच कळलं नाही, पण ते बोलायला लागले. कठडा, कोरडा रस्ता, घड्याळ, गंज, डब्यात भरलेला भुगा. जे बायकोला तीस वर्षांत सांगितलं नव्हतं, ते या परक्या बाईला सगळं सांगितलं.

सगळं ऐकून घेतल्यावर बाईंनी एकच प्रश्न विचारला. “वडिलांच्या पायात काय होतं?”

“बूट. का?”

“तळ कसला?”

“कच्च्या रबराचा. पिवळट. तसलेच घालायचे ते.”

“माझ्या वेळी अपघाताच्या खटल्यांत तपासनीस बुटांचे तळ बघायचे,” बाई म्हणाल्या. “टक्कर होते तेव्हा ज्या पेडलवर पाय असतो, त्याची नक्षी तळावर उमटते. रबर मऊ असलं तर हमखास. मी स्वतः टाइप केलंय, कितीतरी वेळा. बूट कुठे आहेत?”

बूट ताईकडे होते. इस्पितळाने दिलेली पिशवी आईने स्वतःच्या पेटीत ठेवली होती आणि आई गेल्यावर पेटी ताईने नेली होती.

निघायच्या आधी बाईंनीच सांगितलं, “पुसा आता. लिहून झालंय.” वायरिंगवालीने बटण दाबलं आणि लाल माणूस गेला. “गिअरची सवयही पुसू का? नव्याने शिकेल, तुमच्या पायाने.”

मिस्त्रींनी बाईंकडे पाहिलं. “राहू दे,” ते म्हणाले. “चांगली सवय आहे.”

बाईंनी जाता जाता बॉनेटवर हात ठेवला. “तिच्या गाडीत बसलं की मला झोप यायची,” त्या म्हणाल्या आणि गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्री ब्रेकचं पेडल खोलून, रुमालात गुंडाळून ताईकडे गेले. ताई भाजी निवडत बसली होती. बुटांचं नाव काढताच तिचे हात थांबले.

“त्या गाडीला हात लावू नकोस म्हणून मी तुला आधीच बजावलं होतं.”

“ताई, बूट दे.”

“नाही देणार.”

“का पण?”

ताईने निवडलेली भाजी पुन्हा न निवडलेल्या भाजीत टाकली. “त्या सकाळी मी त्यांना बोलले होते,” ती म्हणाली. “तू शाळेत होतास. आई मागे होती. ते पेपर वाचत होते, आणि मला कसला राग आला होता देव जाणे. मी म्हटलं, तुम्ही असून नसल्यासारखे. त्यांनी पेपर घडी करून ठेवला, घड्याळ काढून फळीवर ठेवलं आणि म्हणाले, जाऊन येतो. आता सांग, देऊ तुला बूट? त्रेचाळीस वर्षं झाली. तळ बघून तेच निघालं तर मी कुठे जाऊ?”

मिस्त्रींना पहिल्यांदा कळलं की ते ज्या घरात वाढले त्या घरात त्यांच्यापेक्षा मोठं ओझं दुसऱ्याच कुणी उचललं होतं. ताईचा त्यांना राग आला आणि दयाही आली, दोन्ही एकदम. ते तिच्याजवळ जमिनीवर बसले.

“माझ्या कामात एक नियम होता, ताई. कारण लिहिल्याशिवाय सेफ्टी उचलायची नाही. आपण दोघं त्रेचाळीस वर्षं मधल्या मजल्यावर अडकलोय.”

ताई उठली आणि आतून पेटी घेऊन आली.

बूट वर्तमानपत्रात गुंडाळलेले होते आणि कागद तळाला घट्ट चिकटला होता. मिस्त्रींनी ओल्या फडक्याने तो भिजवला आणि इंच इंच करून सोडवला. डाव्या बुटाचा तळ साधा होता, झिजलेला. उजवा त्यांनी खिडकीत, उन्हात धरला.

टाचेच्या पुढे, चवड्याखाली, आडव्या रेघा रबरात रुतलेल्या होत्या. जोरात, तिरक्या. मिस्त्रींनी रुमालातून पेडल काढलं. अ‍ॅक्सिलरेटरच्या रेघा उभ्या होत्या, ब्रेकच्या आडव्या. तरी त्यांना खात्री वाटेना. त्यांनी बूट आणखी तिरपा धरला. रेघांच्या एका कोपऱ्यात चौकटीची बारीक नक्षी होती, आणि तिच्यात दोन खोल खाचा.

सायकलचा टायर आणि त्यावरचे तारांचे दोन टाके.

त्यांनी ठिगळ त्या ठशावर ठेवलं. खाचेत टाका बसला, दुसरा टाका दुसऱ्या खाचेत बसला. सतरा वर्षांच्या त्यांच्या हातचं काम वडिलांच्या पायाखाली, शेवटपर्यंत, पूर्ण ताकदीने दाबलेलं.

“काय आहे?” ताई भिंतीकडे तोंड करून उभी होती. “सांग ना रे. काय आहे?”

“ब्रेक,” मिस्त्री म्हणाले. “ब्रेक दाबला होता त्यांनी. अंगातला सगळा जोर लावून. गाडीच थांबली नाही, ताई. चाकं अडकलीच नाहीत, तर खुणा कुठून पडणार? ब्रेक लागलाच नाही.”

ताई वळली. तिने बूट हातात घेतला, त्या खाचांवरून बोट फिरवलं, आणि एकदम आईसारखी दिसायला लागली. “मग घड्याळ?” तिने विचारलं.

“घड्याळाचं मला माहीत नाही. उकडत असेल. तुझ्या बोलण्याचा रागही आला असेल. पण ते परत यायला निघाले होते. किंवा कुठेतरी जायला. थांबायचं होतं त्यांना.”

महिन्याभराने गाडी तपासणीत पास झाली. पहिल्याच सकाळी मिस्त्रींनी ताईला शेजारी बसवलं. बायको मागे बसली. गाडी हळुवारपणे गिअर बदलत, कुणातरी हलक्या पायाच्या माणसाच्या सवयीने गावाबाहेर आली. ऊन लख्ख होतं आणि रस्ता कोरडा. समोर पूल दिसला, मग कठडा. त्यातले काही दगड बाकीच्यांपेक्षा नवे होते.

मिस्त्रींनी वेग कमी केला नाही. ताईचा उजवा पाय खालच्या रिकाम्या पत्र्यावर आपोआप दाबला गेला, आणि त्याच वेळी मिस्त्रींनी ठिगळावर पाय रोवला.

गाडी थांबली. कठड्यापासून वीस पावलं अलीकडे, सरळ, मागे रस्त्यावर एकही खूण न सोडता.

कुणीच खाली उतरलं नाही. मिस्त्रींनी दाराच्या कप्प्यातून नोंदवही काढली. टायपिस्ट बाईंच्या मुलीच्या पानाच्या पुढचं पान उघडलं, त्रेचाळीस वर्षांपूर्वीची तारीख घातली, दुसऱ्या रकान्यात ‘पुलाच्या कठड्यावर धडक’ असं लिहिलं आणि तिसऱ्या रकान्यापाशी पेन थांबलं.

“लिही,” ताई म्हणाली.

त्यांनी लिहिलं: ब्रेक निकामी. चालकाने ब्रेक पूर्ण दाबला होता.

ताईने वही स्वतःकडे ओढली आणि ती ओळ दोनदा वाचली. “आई रोज त्या घड्याळाला किल्ली देत बसली,” ती म्हणाली, “आणि बूट तिच्याच पेटीत होते रे.” मग इतक्या वर्षांत कधी रडली नव्हती तशी, मोठ्याने रडली. मागच्या सीटवरून मिस्त्रींच्या बायकोने हात पुढे केला आणि तिच्या खांद्यावर ठेवला. मिस्त्रींचा पाय अजून ब्रेकवरच होता.